पहिला हलका धक्का

आमची आत्या भूकंपाच्या कचेरीत नोकरीला होती. हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक की तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, ते शेवटपर्यंत पाठ झालं नाही. कुणी विचारलं तर आजी सांगायची, "जमीन हलली की हिला हिंडावं लागतं." गल्लीने त्याचंही सुटसुटीत करून टाकलं आणि आत्याला भूकंपबाई म्हणायला लागली. ती कोपऱ्यावरून वळताना दिसली की न्हावी दुकानातूनच ओरडायचा, "भूकंपबाई आली, कपबश्या सांभाळा!" आत्या हसायची नाही. "सांभाळू नका, असू द्या आहेत तिथेच," म्हणायची. "मला त्यांचीच साक्ष लागते."

तिला विनोद कळत नव्हता असं नाही, पण 'खूप', 'जरा', 'भयंकर' हे शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. आई म्हणाली, "वन्सं, आज खूप उकडतंय हो," की ही विचारणार, "कालपेक्षा?" आईने कपाळाला हात लावला तरी ती उत्तराची वाट बघत बसायची. अशा बाईचं लग्न झालं नाही यात कुणाला नवल वाटलं नाही, तिला तर मुळीच नाही. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत ती एकटी राहायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची.

मला एकदा तिने कचेरीच्या तळघरात नेलं होतं. तिथे खडकावर एक खांब उभा केलेला, आजूबाजूच्या फरशीला अजिबात न चिकटलेला, म्हणजे माणसांच्या पावलांनी तो थरथरू नये. त्यावर यंत्र. मला वाटलं होतं, काहीतरी चकचकीत असेल, दिवे लुकलुकत असतील. पाहते तर स्प्रिंगला टांगलेलं एक जड वजन आणि शेजारी कागद गुंडाळलेला रूळ सावकाश फिरतोय.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. जमीन हलली की खांब हलतो, रूळ हलतो, आपण हलतो. वजन जड आहे, ते लगेच हलायला तयार नसतं. त्या दोघांतला फरक पेन कागदावर काढतं." मग तिने एक जुना कागद उलगडला. सरळ रेघ चालली होती, पुढे बारीक थरथर, आणि थोड्या अंतराने मोठाले हेलकावे. "ही बारीक दिसते ती पहिली लाट. पळते जोरात, पण अंगात ताकद नसते. दुसरी मागून येते, ती पाडते. दोघींमधला वेळ जितका जास्त, तितका भूकंप लांबचा."

"म्हणजे पहिली येऊन सांगते की दुसरी येतेय?"

"सांगते की. पण ऐकतं कोण? लोकांना वाटतं, लॉरी गेली."

वर्तमानपत्रात रिश्टरचा आकडा येतो, त्याच्याशी तिचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते आकडा वाचून पेपर मिटणाऱ्यांशी. ती म्हणायची, "तुझी आई खालून जेवायला हाक मारते ना? तिने घसा किती ताणला, तो हा आकडा. एका हाकेला एकच. पण तीच हाक स्वयंपाकघरात कानठळ्या बसवते, माडीवर बरी ऐकू येते आणि गच्चीवर तुझ्या बाबांना कधीच ऐकू येत नाही. कुठे किती ऐकू आली ते यंत्र नाही सांगत. त्यासाठी दारोदार फिरावं लागतं."

त्या दारोदार फिरण्याच्या बारा पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर फक्त यंत्राला कळतं, बाराव्या पायरीवर काहीच उभं राहत नाही. पाचला कपबश्या वाजतात आणि टांगलेल्या वस्तू झोके घेतात. सहाला फळीवरचं खाली येतं, माणसं घाबरून बाहेर पळतात. सातला उभं राहणं अवघड, आठला जड कपाटं आडवी. आत्याचा एक नियम होता, भिंतीबद्दल सगळ्यात शेवटी विचारायचं. "भिंतीला आधी विचारलं की ती गवंड्याच्या गोष्टी सांगते. कपबशीचं आणि गवंड्याचं काही नातं नसतं." हे ती आमच्याच घरी जेवताना सांगायची, आणि समोर बसलेले माझे बाबा गवंडी. ते हसून म्हणायचे, "ताई, निदान जेवू तरी दे."

बाबांना सगळे मिस्त्री म्हणायचे. हाताखाली माणसं, नगरपालिकेत ओळख, शब्दाला वजन. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनी बांधली होती आणि टोकाची दुमजली शाळाही. शाळेवरून जाताना ते मान वर करून बघायचेच. मला त्यांचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

भूकंप झाला तो भरदुपारी. शाळा सकाळची असल्यामुळे सुटून गेली होती, हे सगळ्यांचं नशीब. मी औषधांच्या दुकानात कामाला होते. आधी जरा घरघरल्यासारखं झालं, मालक म्हणाले, "कसली गाडी आणलीय ही?" आणि मग जमिनीने खालून धरून हलवलं. फळीच्या काठावरच्या खोकल्याच्या बाटल्या खाली आल्या, आम्ही रस्त्यावर आलो. गल्लीत कुणी दगावलं नाही, दोघातिघांना खरचटलं. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की शाळेच्या खालच्या मजल्याला तडे गेलेत, कॉलमपासून भिंत सुटलीय. नगरपालिकेने फाटकाला कुलूप लावलं. आमच्या घरालाही तडे होते, सगळ्यात मोठा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात.

आता खरा प्रश्न होता तो शाळेचा. नगरपालिकेच्या इंजिनियरने सांगितलं, भूकंपाच्या कचेरीचं उत्तर येऊ द्या. इथला धक्का आठव्या पायरीचा निघाला तर एवढे तडे कुठल्याही चांगल्या इमारतीला जातील, बुजवून शाळा सुरू करू. पाच-सहाचाच निघाला तर मात्र इमारतीतच खोट आहे, मग कॉलम फोडून बघावे लागतील. म्हणजे धक्का मोठा ठरला तर बाबा सुटले, आणि गल्लीतली सगळी पोरं त्या छताखाली पुन्हा बसणार. धक्का लहान ठरला तर मिस्त्रींची अब्रू गेली.

आणि आमच्या भागात फिरायला कचेरीने पाठवलं कुणाला, तर आत्याला. बाकीचे सगळे जिथे जास्त पडझड होती तिकडे गेले होते. आत्याने साहेबांना स्पष्ट सांगितलं की शाळा माझ्या भावाने बांधलीय. साहेब म्हणाले, "प्रश्न तुम्ही विचारा, पायरी मी ठरवतो. उत्तरं जशीच्या तशी आणा म्हणजे झालं."

बाबांनी आत्याचे प्रश्न जन्मभर जेवताना ऐकले होते. ती यायच्या आदल्या संध्याकाळी ते घरोघर गेले. कुणाच्या दारात पाच मिनिटं, कुणाकडे चहा. "कपाट आडवं झालं म्हणून सांगा. उभं राहता येत नव्हतं म्हणा. शाळा लवकर उघडायला पाहिजे ना?" लोकांना त्यात वावगं काही दिसलं नाही. पोरं घरात बसून डोकं उठवत होती, आणि मिस्त्री आपला माणूस. मलाही वावगं दिसलं नाही. मला आठच हवे होते. सकाळी बाबा म्हणाले, "दुकान बंदच आहे, तर आत्याबरोबर जा. कोण काय सांगतंय ते ऐक," आणि मी गेले.

पहिलं दुकान न्हाव्याचं. आत्या कामावर असली की लहानपणापासूनच्या शेजाऱ्यालाही अहो-जाहो करायची.

"धक्का बसला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"दाढी करत होतो गिऱ्हाइकाची. पण भूकंपबाई, काय सांगू! उभं राहता येईना. ते मोठं कपाट धाडकन आडवं!"

आत्याने कपाटाकडे पाहिलं. त्यावर तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. तिने त्याचं बोलणं वहीत उतरवून घेतलं. "वस्तरा कुठे होता?"

"कुठे म्हणजे? गिऱ्हाइकाच्या गळ्यावर."

"कापलं का त्याला?"

न्हावी ताठ झाला. "माझ्या हातून? बाई, बापजाद्यांपासून धंदा आहे हा. जमीन फाटली तरी गिऱ्हाइकाला ओरखडा येणार नाही. हलायला लागलं तसा हात वर घेतला, थांबलं तशी राहिलेली बाजू केली आणि मग बाहेर आलो!"

"उभ्यानेच?"

"मग काय बसून दाढी करतात?" असं म्हणून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या आरशाकडे बघितलं.

पुढे सगळीकडे हेच. बाबांनी कपाटं पढवली होती, भिंती पढवल्या होत्या, पण कपबश्या पढवायच्या राहून गेल्या होत्या. इस्त्रीवाली म्हणाली, टेबल उलटलं. मग तापलेली इस्त्री कुठे गेली? इस्त्री? ती जाळीवरच होती, जागची हलली नाही. शिंप्याच्या घरी माणसं जमिनीवर आपटली होती, पण शिंपीणबाईंनी त्याच वेळी सुईत दोरा ओवला होता. "दुसऱ्या खेपेला गेला," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. आत्या सगळ्यांचं शांतपणे ऐकत होती, कुणाला खोटं पाडत नव्हती. धुतल्या तांदळासारखी गल्ली खोटं बोलायला बसली होती आणि तेही तिला धड जमत नव्हतं.

आमच्या समोरच्या घरात माडीवर एक आजी होत्या. पायातलं बळ गेलेलं, पलंग खिडकीला लावलेला, दिवसभर रस्ता बघायच्या. बाबा त्यांच्याकडे गेलेच नव्हते. अंथरुणावरच्या म्हातारीला कोण विचारतंय, असं त्यांना वाटलं असावं. पण आत्या अशांना आवर्जून विचारायची, कारण पडून असलेल्या माणसाला हलणं लवकर कळतं.

"मी काय पळणार बाई," आजी म्हणाल्या. "मी आपली बघत होते. आधी लॉरीसारखी घरघर झाली बघ. खिडकीची काच जराशी वाजली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात मिस्त्री घरातून बाहेर. अनवाणी, बनियनवर! मी म्हटलं, याला काय चावलं? रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि घराकडे तोंड करून बघत राहिला. मग ते मोठं हलणं आलं. मग सगळे ओरडत बाहेर आले."

"मोठं हलणं यायच्या आधी तो रस्त्यावर होता? नक्की?"

"अगं, मी काय आंधळी आहे? पाय गेलेत माझे, डोळे नाही."

"आणि वहिनी?"

"ती सगळ्यांच्या शेवटी. पिठाच्या हातांनी आली बिचारी, भिंत धरत धरत."

आत्याचं लिहिणं थांबलं. आजींनी आणखी काही सांगितलं, ते तिला ऐकू आलं नाही असं वाटलं. जिन्यावर ती मला म्हणाली, "तू आता दुकानात जा."

"दुकान बंद आहे."

"मग दुसरीकडे जा. पुढचं घर तुमचं आहे." मी अर्थातच गेले नाही.

घरी बाबा वाटच बघत होते. आई स्वयंपाकघरात होती, तड्याला पाठ करून. आत्या खुर्चीवर बसली. पाणी घेतलं नाही.

"धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठे होता?" तिने विचारलं.

बाबा हसले. "ताई, मला अहो-जाहो कशाला करतेस?"

"कुठे होता?"

"पलंगावर. जेवून पडलो होतो."

"पहिला हलका धक्का कळला?"

"कळला."

"तेव्हा काय केलंत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर समोरच्या खिडकीकडे. त्यांना कळलं असावं. "बाहेर आलो."

"सगळी गल्ली लॉरी समजून बसून राहिली. न्हावी मोठ्या धक्क्यातसुद्धा वस्तरा धरून उभा होता. तुम्ही हलक्या धक्क्याला अनवाणी बाहेर आलात." तिने वही मिटली. "बाहेर येताना वहिनीला हाक मारलीत?"

"हा प्रश्न तुझ्या कचेरीचा नाही."

"नाही. हा माझा आहे."

आई दारात आली होती. ती पटकन म्हणाली, "मारली होती हो हाक. मलाच ऐकू आली नाही. कुकरची शिट्टी होत होती." मला आईची इतकी दया आली आणि इतका राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. कुकर त्या दिवशी लावलाच नव्हता, ती पीठ मळत होती.

"नाही मारली," बाबा म्हणाले. "सुचलंच नाही. काच वाजली आणि मला पहिलं आठवलं ते हे, की घर मी बांधलंय."

मग त्यांनी आपणहून सांगितलं, काम समजावून सांगतात तसं सरळ. घर बांधलं त्या वर्षी लोखंड मिळत नव्हतं. कॉलमच्या उभ्या सळ्यांना आवळून धरायला वीतभर अंतरावर लोखंडी रिंगा घालायच्या, त्या त्यांनी हातभर अंतरावर घातल्या. खिडक्यांच्या वरून सगळीकडे फिरवायची काँक्रीटची पट्टी अर्ध्यावर सोडली. एकदा प्लास्टर झालं की कुणाला दिसणार होतं? घर उभं राहिलं, वर्षं गेली, आणि त्यांना वाटलं, चालतंय की.

"आणि शाळा?" आत्याने विचारलं. आता तिचा आवाज कचेरीतला राहिला नव्हता.

"शाळा त्याच वर्षीची, ताई."

आत्या रडली. मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "मी हे लिहून नेणार आहे रे. तू पळालास हे, आणि कधी पळालास हेही."

"ने," बाबा म्हणाले. "शाळेचं तुझ्या साहेबांनी सांगायची गरज नाही. मी जातो."

ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. नगरपालिकेचा इंजिनियर, शाळेचे मुख्याध्यापक आणि निम्मी गल्ली फाटकाशी उभी होती. बाबांनी घरून आणलेला हातोडा आणि छिन्नी काढली आणि खालच्या मजल्यावरच्या एका कॉलमचं प्लास्टर स्वतः फोडलं. दोन रिंगांमध्ये हात ठेवून दाखवला. कोपरापासून बोटांपर्यंत हात मावत होता. इंजिनियर चांगला माणूस होता, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मिस्त्री, आठ निघाले असते तर पोरं पुन्हा इथेच बसली असती हो." बाबांनी मान हलवली. मागे न्हावी उभा होता, त्याची दोन पोरं त्याच शाळेत होती. तो बाबांशी एक शब्द बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस बोलला नाही. दाढी करायला बाबा लांबच्या दुकानात जायला लागले.

साहेबांनी आमच्या भागाला सहावी पायरी दिली. शाळा मंडईच्या वरच्या मोठ्या खोलीत भरायला लागली आणि जुनी इमारत उतरवून नवी बांधायचं ठरलं. ते काम बाबांना मिळालं नाही, मिळावं असं आम्हालाही वाटलं नाही. लोखंड मिळत नव्हतं त्या वर्षी ज्यांची घरं बांधली होती त्यांच्याकडे बाबा स्वतः गेले, एकेकाला सांगितलं. दोघांनी दार लावून घेतलं. आत्याची नोकरी पुढे बरीच वर्षं होती, यंत्रं बदलली, रूळ जाऊन कॉम्प्युटर आले. बाबा आणि ती रविवारी समोरासमोर जेवायला बसत राहिले. बोलणं कमी झालं होतं, पण बसणं मोडलं नाही.

पण मला आठवते ती कॉलम फोडला त्याच दिवशीची, शाळेतून परत आल्यावरची गोष्ट. आम्ही घरी आलो तर स्वयंपाकघर रिकामं. आईने एकटीने शेगडी अंगणात आणून ठेवली होती, आत्या मागून सिलेंडर लोटत आणत होती. भांडी, पोळपाट, पिठाचा डबा, सगळं पायरीवर. बाबा दारातच थांबले.

"हे काय?"

"आजपासून स्वयंपाक इथे," आई म्हणाली. "आतल्या भिंतीत तुम्ही काय घातलंय ते काल सांगितलंत ना?"

"अगं, उघड्यावर कसा करणार? पाऊस आला तर भिजशील."

आई पदराला हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली. आजवर तिने त्यांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"भिजले तर वाळेन," ती म्हणाली. "मी आत असताना भिंत पडली, तर तुम्ही हाक मारणार आहात का?"